घराबरोबर थकबाकीही विकत घ्यावयाची काय ?

घर घेतांना आपले लोक वास्तुशांतीचा मुहूर्त दहा वेळां विचारतील, परंतु मागील घरपट्टी भरली आहे कीं नाहीं, हें एकदांही विचारणार नाहींत. खरेदीखत नोंदलें, किल्ल्या हातीं आल्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनीं दारावर नोटीस चिकटली म्हणजे मग धांवाधांव ! विक्रेता तोंवर परगांवीं गेलेला असतो.

कायदा याबाबतींत मुका नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें, उलट करार नसल्यास, विक्रीच्या दिवसापर्यंतचे सार्वजनिक कर विक्रेत्यानेंच भरावयाचे आहेत. पण हा झाला उभयतांमधला हिशेब; महानगरपालिका त्यास बांधलेली नाहीं. जमीनमहसुलाच्या खालोखाल घरपट्टीचा पहिला बोजा महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यानें वास्तूवरच ठेविला आहे. मालक बदलतो, भिंती तेथेंच राहतात.

अहमदाबादेच्या एका खटल्यांत लिलावांत घर घेणारास थकबाकीची माहिती नव्हती, म्हणून १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बोजा त्याच्यावर लादूं दिला नाहीं, हें खरें. मात्र त्या निकालावर विसंबून निजणारांस आम्ही सावध करितों. कायद्यांत स्पष्ट तरतूद असेल तर अजाणासही सूट नाहीं. आणि जाणूनबुजून चौकशी टाळणें हें कायद्याच्या दृष्टीनें माहिती असण्यासारखेंच आहे. शिवाय वकिलाची फी पुष्कळदां घरपट्टीहून जड होते ! विजेचा नियम तर याहून कडक. मागील मालकाचें बिल चुकविल्याखेरीज नवी जोडणी न देण्याची नियमांतील अट २०२३ सालीं त्याच न्यायालयानें वैध ठरविली आहे.

गुळाची ढेप घेतांना ती फोडून पाहणारा आपला व्यापारी गाळा घेतांना मात्र ओळखीच्या विक्रेत्यापाशीं पावती मागण्यास लाजतो, याचें आम्हांस नवल वाटतें. इसार देण्यापूर्वींच घरपट्टी, पाणीपट्टी, वीज व सोसायटीचें येणें यांचे दाखले मागावेत. मालमत्ता बोजाविरहित म्हणून विकली जात असेल, तर बोज्याइतकी रक्कम किंमतींतून राखून ती येणेदारास परस्पर भरण्याचा हक्क वरील ५५ व्या कलमानेंच खरेदीदारास दिला आहे. तो वापरण्यांत कसला संकोच ?

दोष एकट्या खरेदीदाराचा नव्हे. वजनदार मालकाची थकबाकी वर्षानुवर्षें सांचूं द्यावयाची आणि घर विकलें जातांच नवख्या गृहस्थास धरावयाचें, ही पालिकांची रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मुद्रांकाची पै न पै मोजून घेणाऱ्या सरकारानें दस्तनोंदणीच्या त्याच मेजावर करभरणाऱ्याची पावतीही तपासावी, व जेथें हा नियम नसेल तेथें तो विनाविलंब करावा, अशी आमची मागणी आहे.