संशय पहिला कोणावर?

आगाथा ख्रिस्ती यांच्या १९३४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' या कादंबरीवर केनेथ ब्रॅना यांनी २०१७ साली चित्रपट काढला. तो पाहून आम्हाला समाधानही वाटले आणि खंतही वाटली. सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा खर्च, नामवंत नटनट्यांचा ताफा आणि बर्फात अडकलेली आगगाडी यांनी डोळे दिपतात. हर्क्युल पॉयरो हा डोक्याने काम करणारा गुप्तहेर. त्याला इथे पुलावर धावाधाव करायला लावली आहे आणि मिशाही भल्यामोठ्या दिल्या आहेत. जुन्या वाचकांनी त्याबद्दल खुशाल कुरकुर करावी. आमचा मुद्दा वेगळा आहे.

आधी समाधानाचे बोलू. मूळ कादंबरीत कर्नल आर्बथनॉट हा हिंदुस्थानातून मायदेशी परतणारा गोरा लष्करी अधिकारी आहे. म्हणजे आपल्यावर राज्य करणाऱ्या साम्राज्याचाच माणूस. ब्रॅना यांनी त्याच्या जागी कृष्णवर्णीय डॉक्टर बसवला. लेस्ली ओडम ज्युनियर यांनी ती भूमिका ताठ मानेने केली आहे. ज्या ख्रिस्तीबाईंच्या १९३९ च्या एका कादंबरीच्या मूळ नावातच काळ्या माणसांसाठीचा शिवीवजा शब्द होता, त्यांच्या कथेत हा बदल होणे ही लहान गोष्ट नव्हे. चित्रपटाची सुरुवातही पाहा. जेरुसलेममध्ये चोरी होते, तीन धर्मांच्या तीन धर्मगुरूंवर संशय येतो आणि चोर निघतो पोलीस अधिकारी! हा प्रसंग कादंबरीत नाही. चित्रपटकर्त्यांनी तो मुद्दाम घातला, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

आता खंत. त्या डब्यात ऑस्ट्रियन प्राध्यापक म्हणवणारा एक प्रवासी आहे. डॉक्टरसोबत एका टेबलावर बसायला त्याचा आक्षेप आहे. लाल आणि पांढरी वाईन मिसळली तर दोन्ही बिघडतात, असा त्याचा युक्तिवाद. त्यावर एक तरुणी दोन्ही वाईन एकाच पेल्यात ओतून त्याला उत्तर देते. प्रसंग झकास आहे. पण पुढे काय होते? हा प्राध्यापक खोटा निघतो. ऑस्ट्रियन असणे हे सोंग, आणि तो डॉक्टरच्याच कटातला साथीदार! म्हणजे प्रेक्षकाला चीड आणणारा तो वर्णद्वेषही नाटकाचाच भाग ठरतो आणि मुखवट्याबरोबर गळून पडतो. भेदभाव इतक्या सहजी गळून पडत असता तर जगात एवढे लढे लढावे लागले असते काय? पंगतीतून उठवला गेलेला माणूस जाणतो की उठवणारा सोंग करत नसतो.

दुसरी खंत अधिक मोठी आहे. या कथेमागे अमेरिकेत खरोखर घडलेली घटना आहे. १ मार्च १९३२ रोजी प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण झाले. पोलिसांनी लिंडबर्ग यांच्या सासरच्या घरातील व्हायोलेट शार्प या मोलकरणीला पुन्हा पुन्हा चौकशीत पिळले. १० जून १९३२ रोजी तिने विष घेऊन जीव दिला. ती निर्दोष असल्याचे नंतर स्पष्ट झाले. ख्रिस्तीबाईंनी हे कथेत घेतले. आर्मस्ट्राँग कुटुंबातील मोलकरणीवर खोटा आळ येतो आणि ती जीव देते. कादंबरीत तिचा बाप त्याच डब्याचा कंडक्टर आहे.

श्रीमंताच्या घरात काही घडले की पहिला संशय मोलकरणीवर. हे अमेरिकेपुरते नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इथल्या कितीतरी जमातींना जन्मतःच संशयित ठरवले होते. म्हणून व्हायोलेटचे मरण आम्हाला परके वाटत नाही.

कटातल्या बारा जणांत राजकन्या आहे, स्वयंपाकीण आहे आणि मोटारचालकही आहे. सगळ्यांच्या हाती एकच सुरी. तिथे उच्चनीच उरत नाही, हेही मान्य. पण ती मोलकरीण मात्र उल्लेखापुरतीच राहते. रॅचेटला कोणी मारले, याचा तपास करायला पॉयरो आहे. निरपराध मोलकरणीला मरणाच्या दारी नेणाऱ्या पोलिसांचा तपास कोण करणार? एवढा पैसा आणि एवढा कॅमेरा हाताशी असताना त्या एका मुलीसाठी थोडी फिल्म जास्त खर्ची पडली असती तर काय बिघडले असते?

चित्रपट जरूर पाहावा. काळ्या डॉक्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यात जागा मिळाली, याचे स्वागतच आहे. पण जिला चौकशीत पिळले जाते, तिची बाजू पडद्यावर केव्हा येणार, हे आम्ही विचारतच राहू.