वाचला, असे आपण कोणास म्हणतो?

वाचकहो, ज्याच्या घरावर जमाव चालून आला, ज्याने आपल्या माणसास डोळ्यांदेखत मार खाताना पाहिले, तो जिवंत राहिला म्हणजे वाचला असे आपण समजतो. ही समजूत घातक आहे. महिने लोटले तरी ते दृश्य त्याच्या मनापुढे पुनःपुन्हा उभे राहते, झोप उडते, दाराशी पाऊल वाजले की अंग थरथरते. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांची हीच अवस्था पाहून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली ‘आघातोत्तर तणाव’ हा स्वतंत्र विकार मानला.

अशा पीडितांत आत्महत्येचा धोका अधिक असतो. तो का? इंग्लंडातील जॉन्सन, गुडिंग व टॅरियर या संशोधकांनी २००८ साली जी मांडणी केली, ती मननीय आहे. ‘मी हरलो’ आणि ‘येथून सुटका नाही’ हे दोन निवाडे मनुष्य स्वतःविरुद्ध देतो, आणि तेच त्यास मरणाच्या विचाराकडे ढकलतात. आता आपल्या घरांतील बोलणे आठवा. ‘झाले गेले विसर’ असे आपण मायेनेच म्हणतो. पण ज्यास विसरणे साधत नाही, त्याच्या कानी तो दुसरा पराभव पडतो!

आणि हल्लेखोर त्याच गल्लीतून उजळ माथ्याने फिरत असतील, तर कोंडी केवळ मनातली कशी म्हणावी? तेथे औषधाइतकाच कायदा हवा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिने मानसिक हानी सोसणाऱ्यासही ‘पीडित’ मानले, आणि पीडित, त्याचे आश्रित व साक्षीदार यांचे संरक्षण हे शासनाचे कर्तव्य ठरविले. धम्म स्वीकारल्याने हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. अनुसूचित जातींतील बौद्धांस १९९० पासून तो दर्जा आहे.

घरातील कोणी अबोल झाले, आपण इतरांस भार झालो असे बोलू लागले, तर ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. होकार आल्यास त्यास एकटे ठेवू नका, सरकारी रुग्णालयात न्या. प्रयत्न घडून गेला असल्यास पोलिसांच्या भयाने लपवू नका: २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा व्यक्तीस तीव्र तणावाखालील मानतो व तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतो. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो; तो घरातील लहानथोरांस दिसेल अशा जागी आजच लिहून ठेवा.