शिरःशूल : पुडी बांधण्यापूर्वी

सिरसाळ्यासारख्या गावात डोके दुखू लागले की रुग्ण प्रथम गावच्या वैद्याकडे येतो, अथवा थेट औषधी दुकानात जातो. ऊसतोडीहून परतलेल्याला ऊन बाधले असेल, असे घरचे म्हणतात; पुष्कळदा आपणही तेच मानतो. बहुसंख्य रुग्णांत ते खरेही असते. उरलेल्या थोड्यांविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

मेंदूतील चेतापेशींना आधार व पोषण देणाऱ्या ग्लायल पेशींपासून उद्भवणारे अर्बुद म्हणजे ग्लायोमा. काही ग्लायोमा संथ वाढतात. चौथ्या श्रेणीचा ग्लायोब्लास्टोमा मात्र त्वरेने फोफावतो. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार व टेमोझोलोमाइड ही चिकित्सा २००५ साली प्रस्थापित झाली. त्या अभ्यासात निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांहून अधिक जगले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांत हाच काळ १२.१ महिने होता. जेथे लाभ महिन्यांत मोजावा लागतो, तेथे पुड्या बदलण्यात दवडलेले दोन महिने क्षुल्लक कसे म्हणावेत?

चरकाचार्यांनी शिराची गणना त्रिमर्मांत केली आहे. असाध्य व्याधीची चिकित्सा अंगावर घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यशाची हानी होते, असेही बजावले आहे. म्हणून पहाटे वाढणारा शिरःशूल व वमन, प्रौढ वयात प्रथमच आलेला आक्षेपक, एका अंगाचे दौर्बल्य, वाणी, दृष्टी वा स्वभावातील पालट यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. असे पाठविणे हा आम्ही शास्त्राचा पराभव मानीत नाही.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. शंखपुष्पीच्या एका कल्पामुळे फेनिटॉइनची रक्तातील मात्रा घटून आक्षेपक पुन्हा उद्भवू शकतात, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा ‘मेंदूचे टॉनिक’ मागणाऱ्यास आधी विचारावे, झटक्यांच्या गोळ्या चालू आहेत काय? सूज उतरविण्यासाठी दिलेले स्टेरॉइडही एकाएकी बंद करावयास सांगू नये. कर्करोग वा मेंदूचे विकार बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याचेही भान असावे.

मग वैद्याचे कार्य उरत नाही काय? उरते. उपचारकाळात अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती व बल यांची काळजी, तीही उपचार करणाऱ्या तज्ज्ञांस सांगूनच, आपण वाहू शकतो. रुग्ण आपल्यावर विश्वासून येतो. त्याला वेळीच योग्य दारी पोहोचविणे, ही त्या विश्वासाची परतफेड होय.