बेंझिन नंतर, आधी गूळ

‘पोरांचं बेसिकच कच्चं आहे.’ केमिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांशी गप्पा मारा, हे वाक्य हमखास कानावर येतं. ‘पोरं’ म्हणजे कोण, हेही न सांगता कळतं. भोकरदन, मंठा, परतूरकडून आलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. मला या वाक्याचा राग येतो.

या विषयाची बाराखडी म्हणजे मटेरिअल बॅलन्स. आत आलं ते, वजा बाहेर गेलं ते, अधिक तयार झालं, वजा खर्च झालं, बरोबर साठलं. बस्स, एवढंच. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्या घरात हा हिशेब रोज होतो. किती हंडे आले, किती वापरले, रात्री टाकीत किती उरलं. जालन्यातल्या पोरीला यातलं काय कच्चं असणार?

मी जिथे हा विषय शिकले तिथे पहिलं उदाहरण होतं बेंझिन-टोल्युइनच्या डिस्टिलेशन कॉलमचं. आमच्यापैकी कुणी बेंझिन पाहिलं नव्हतं, कॉलम तर नाहीच. गणित सुटायचं, पण कशाचं सुटलं ते कळायचं नाही. सर चांगले होते, पुस्तकं चांगली होती. वर्षभरात आमच्या जिल्ह्यातली एकही वस्तू फळ्यावर आली नाही, एवढंच.

गूळ घ्या की. अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठी ऊस आहेच. काहिलीत 100 किलो रस, त्यात धरू 15 किलो विरघळलेला घन पदार्थ. गुळात घन पदार्थ 90 टक्के धरला आणि मळी तूर्त सोडून दिली, तर गूळ निघेल 16.7 किलो. उरलेलं 83.3 किलो पाणी वाफ होऊन गेलं. किलोमागे साधारण 2,260 किलोज्यूल, म्हणजे नुसती वाफ करायलाच सुमारे 1 लाख 88 हजार किलोज्यूल. चुलवणात घातलेलं चिपाड याहून कितीतरी जास्त उष्णता देतं. मग बाकीची गेली कुठे? धुराड्यातून, भट्टीच्या भिंतींतून. झाला एनर्जी बॅलन्स. आणि ती वर जाणारी वाफ फुकट का घालवायची, तिच्यावर दुसरी काहील का उकळू नये, असं एखाद्या पोरानं विचारलं तर त्याला नॉर्बर्ट रिलियूची गोष्ट सांगा. लुइझियानातल्या या कृष्णवर्णीय इंजिनिअरनं 1840च्या दशकात नेमकं हेच केलं. दुसऱ्या भांड्यातला दाब कमी ठेवला, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो आणि पहिल्याची वाफ पुरते. साखर कारखान्यातला मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर तो हाच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: इंटरव्ह्यूत गूळ विचारत नाहीत. अहो, बेंझिन शिकवू नका असं कोण म्हणतंय? दोन महिन्यांनी शिकवा, तेच समीकरण आहे. परिभाषेचा हट्टही माझा नाही. रिफ्लक्सला रिफ्लक्सच म्हणा, समजावून मात्र मराठीत सांगा. आणि जवळचं उदाहरण म्हणजे खालचा दर्जा, हा समज तर या शास्त्राच्या जन्मकथेलाच धरून नाही. मँचेस्टरमध्ये 1880च्या दशकात जॉर्ज डेव्हिसनं केमिकल इंजिनिअरिंगवर व्याख्यानं दिली. तो अल्कली कारखान्यांचा इन्स्पेक्टर राहिलेला माणूस, त्याचा मालमसाला आसपासच्या कारखान्यांतलाच होता. त्याचं मँचेस्टर चालतं, आमचं जालना चालत नाही.

2018 पासून मुंबईच्या आयसीटीचा कॅम्पस जालन्यातच आहे. या शहरात भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या आहेत. एक टन भंगार आत गेलं तर बिलेट किती, स्लॅग किती, धूळ किती? पहिल्या वर्षाच्या मुलीला हे मांडता आलं, तर ती धूळ कुणाच्या पत्र्यावर बसते हेही ती विचारेल. हा प्रश्न पंधरा मार्कांना यायला नेमकी कुणाची हरकत आहे, तेवढं एकदा उघड सांगा.