जाहीर आवाहन : पत्ता ‘पारधी पिढी’चा असला, तरी काम मिळालेच पाहिजे!

धाराशिव जिल्ह्यातील नागरिक, उद्योजक, दुकानदार, सरपंच आणि पारधी समाजातील बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात कळंब तालुक्यातल्या आपल्या एका पोराचे काम गेले. आयटीआय इलेक्ट्रिशियन, एका कारखान्यात हजेरीवर होता. कामाबद्दल तक्रार नव्हती. कायम करायचे म्हणून आधार कार्ड मागितले, त्यावर गावाच्या नावाआधी ‘पारधी पिढी’, म्हणजे आमची वस्ती, लिहिलेले वाचले आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनने गेटवरच अडवले. “साहेब म्हणालेत, नको.” या पोरावर साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंदसुद्धा नाही. मग कशाची शिक्षा?

हे एकट्याचे नाही. हायवेवरच्या ढाब्यावर आपली दोन पोरे काम करत होती. शेजारच्या गावात चोरी झाली, रात्री दोघांना उचलले. काही निघाले नाही म्हणून सोडले, पण ढाबेवाल्याने परत घेतले नाही. नर्सिंग शिकलेली तुळजापूरकडची मुलगी व्हॅलिडिटी (जमातीचे वैधता प्रमाणपत्र) नाही म्हणून घरी बसली आहे.

इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी तो रद्द केला, त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात पुन्हा बजावले की, आमच्यासारख्या विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक करू नका. दिल्लीला कळते, ते आमच्या ठाण्यांना आणि कारखान्यांच्या गेटला का कळत नाही?

“तुम्हाला आरक्षण आहे की!” असे म्हणणारे भेटतातच. त्यांना एवढेच सांगतो, अनुसूचित जमातीचे 7 टक्के कागदावर आहेत, आणि कागदच आमच्याकडे नाही. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. त्या काळी आमच्यातले कोण शाळेत होते? कोणाच्या नावावर सातबारा होता? आजही कित्येक पिढ्या गायरानावर आहेत, घराला नमुना आठ नाही. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा बळकावणाऱ्यांना मात्र राज्य सरकारने 2019 मध्ये अधिसंख्य (जादा) पदे देऊन सांभाळून घेतले. अडवायचे ते खऱ्यालाच!

पुरावे नाहीत असे नाही, ते कोणी शोधत नाही. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीसाठी याच जिल्ह्यात मराठा समाजाच्या कुणबी नोंदींची शोधमोहीम झाली. निजामकाळातले दप्तर बाहेर निघाले, मोडी आणि उर्दू वाचणारे कामाला लागले. नोंदी सापडल्या, दाखले मिळाले. ज्यांना मिळाले त्यांचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच दप्तरात आमचे आजे-पणजेही असतील. कोतवाल बुकात असतील, खासरा पत्रकात असतील, शाळेच्या नाही तर पोलिसांच्या रजिस्टरात नक्की असतील! जिल्हाधिकारी साहेब, तीच कपाटे आमच्यासाठी एकदा उघडा. आमची मुख्य मागणी हीच आहे. ती मान्य होईपर्यंत आम्ही हटणार नाही.

“ह्यांनाच काम नको असते” हे तर ऐकूनच घेणार नाही. यमगरवाडीच्या शाळेत 1993 पासून आमची लेकरे शिकत आहेत, आमचे लोक ऊसतोडीला जातात, रानात राबतात. आमच्या संघटनेचे कार्यकर्ते पदरचे पेट्रोल घालून पिढ्या-पिढ्यांवर फिरतात, पोरांचे फॉर्म भरतात. इतकी वर्षे केले, यापुढेही करू.

पण समाजालाही दोन शब्द सुनवावे लागतील. दाखल्यासाठी एजंटाला पैसे मोजता, आणि संघटनेच्या बैठकीला वेळ नसतो? मुलगी आठवीत गेली की शाळा सोडवता, मग नोकरी कोण करणार? ज्यांना व्हॅलिडिटी मिळाली, त्यांनी ती भावकीपासून लपवून ठेवू नये. रक्तनात्यातली एक व्हॅलिडिटी साऱ्या कुटुंबाचा मार्ग मोकळा करते. वंशावळ काढा, शपथपत्र करा, झेरॉक्स द्या.

सरपंचांनो, ग्रामसभेत ठराव घ्या, पिढीवरच्या घरांची नोंद करा. कारखानदार, दुकानदार बंधूंनो, चारित्र्य प्रमाणपत्र हवे तर सर्वांकडून मागा, फक्त आमच्याकडून नको. ठाणेदार साहेबांनो, गुन्हा नसलेल्या पोराला हे प्रमाणपत्र वेळेत द्या.

येत्या सोमवारी सकाळी 11 वाजता धाराशिवच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर सर्वांनी जमायचे आहे. बायाबापड्यांसह, शिकलेल्या पोरापोरींसह या. येताना आधार, टीसी, आजा-पणजाचा असेल नसेल तो कागद आणि ज्याला कामावरून काढले त्याने कामाचा कोणताही पुरावा आणावा. निवेदन तयार आहे, त्यावर तुमची सही हवी.