चिन्हावरची झोपडी



निवडणूक आली की आपल्या वस्तीत एक नवीच जात उगवते. अंगात झब्बा, खांद्याला शबनम, तोंडी फुले-शाहू-आंबेडकर. म्हणते, प्रतिगाम्यांना रोखायचंय, मतं फुटू देऊ नका. आम्ही विचारतो, बाबांनो, मागच्या मतांचा हिशेब? तेवढ्यात त्यांना पुढच्या सभेची घाई होते.

म्हणून हिशेब आम्हीच मांडतो. कुठल्या चोर पक्षाचा नाही. राजकारणात सगळ्यात सज्जन म्हणून मिरवलेल्या पक्षाचा. प्रजा समाजवादी पक्षाचा. त्याला मरून पन्नास वर्षं उलटली. मेलेल्याची निंदा करू नये म्हणतात. ही निंदा नाही, पोस्टमॉर्टेम आहे. कारण ज्या रोगाने तो गेला तो रोग जिवंत आहे, आणि आपल्या घरातही शिरलाय.

आधी आकडे. १९३४ साली काँग्रेसच्या पोटात काँग्रेस समाजवादी पक्ष जन्मला. बेचाळीसच्या भूमिगत लढ्यात ही माणसं जिवावर उदार होऊन लढली, ते नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. १९४८ साली ते काँग्रेसमधून बाहेर पडले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला देशात शंभरातली दहा मतं आणि लोकसभेच्या १२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी लग्न लागलं आणि प्रजा समाजवादी पक्ष झाला. चिन्ह, झोपडी. १९५५ मध्ये लोहिया वेगळे झाले. १९५७ ला १९ जागा, मतं पुन्हा शंभरात दहा. १९६२ ला १२ जागा, मतं सातच्या आत. १९६७ ला १३ जागा, मतं तीन. १९७१ ला २ जागा, मत एक. शंभरातलं एक! त्यातली एक जागा कोकणातल्या राजापूरची, मधु दंडवत्यांची. त्याच वर्षी पक्ष विलीन झाला. झोपडी मोडली.

आता हेच नंदुरबारात येऊन बघा. तेव्हा तो पश्चिम खानदेश होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. १९५७ मध्ये तिथल्या आदिवासींच्या राखीव जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी लोकसभेला निवडून आले. काँग्रेस आडवी झाली. वारं संयुक्त महाराष्ट्राचं होतं. समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेकाप होता आणि आपलं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होतं. त्याच वाऱ्यात दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले.

पुढे काय झालं? १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. मुंबईत दिवाळी झाली. आणि ज्या पश्चिम खानदेशने झोपडीवर शिक्का मारला त्याचं काय? त्याची दीडशेवर गावं उचलून गुजरातच्या पदरात घातली. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली गावं. त्यामागे तापीवरच्या उकाई धरणाचा हिशेब होता. मुंबईसाठी १०५ हुतात्मे झाले, त्यांना आमचा सलाम. पण या आदिवासी गावांसाठी कुणी मुंबई बंद केली? पुण्यात कुणी रस्त्यावर आलं?

१९६२ ला पुन्हा निवडणूक. नंदुरबारमधून पुन्हा लक्ष्मण वेडू वळवीच निवडून आले. फक्त आता ते काँग्रेसचे होते. माणूस तोच, मतदार तोच, पक्ष बदलला. त्यानंतर २०१४ पर्यंत ही जागा काँग्रेसने सोडली नाही. १९७७ ला खुद्द इंदिरा गांधी पडल्या, तेव्हाही नंदुरबार काँग्रेसचंच राहिलं. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून नऊ वेळा निवडून आले. समाजवादी तिथं पुन्हा औषधालाही सापडले नाहीत.

काही शहाणे म्हणतील, आदिवासी खासदार विकला गेला. थांबा! जीभ आवरा. १९५३ साली मागास अर्थव्यवस्थेच्या अपरिहार्यतेचा सिद्धांत सांगून काँग्रेसशी सहकार्याचा रस्ता कुणी दाखवला? अशोक मेहतांनी, पक्षाच्या मोठ्या विचारवंताने. १९६३ ला नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदावर कोण बसलं? मेहता. पुढच्या वर्षी काँग्रेसमध्ये कोण गेलं? मेहता. दिल्लीतला विद्वान गेला तर तो वैचारिक प्रवास, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस गेला तर ती गद्दारी? हे गणित आम्हाला चांगलं कळतं.

याच मेहतांचं नाव आपल्या काळजावर आणखी एका ठिकाणी कोरलंय. १९५२ ला मुंबईत फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. बाबासाहेब आणि मेहता दोघेही पडले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येकाला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. दुसरं मत कुजवा, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला होता. बाबासाहेबांनी तो झिडकारला. निकाल लागला. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले! आपली मतं झोपडीत गेली, पण झोपडीवाल्याचं दुसरं मत कुठं गेलं? युतीत आपलं मत बदलीला जातं आणि त्यांचं मत जातीला जातं. भंडाऱ्याने हे एकदाच, पण कायमचं शिकवलं.

मग सगळे समाजवादी खोटे होते काय? नाही. साने गुरुजींनी १९४७ ला पंढरीचा विठोबा आपल्याला खुला व्हावा म्हणून प्राण पणाला लावले. एसेम पर्वतीच्या सत्याग्रहात होते. बाबा आढावांनी एक गाव एक पाणवठा म्हणत खेडीपाडी तुडवली. ही माणसं खरी होती. पण त्यांच्या पक्षाने देवळाचं दार उघडलं, पाणवठ्याचा दोर हातात दिला आणि शेताच्या बांधापाशी येऊन तो थबकला. कारण बांधाच्या आत त्याचाच मतदार उभा होता.

ते बांधाचं प्रकरण शहाद्यात फुटलं. सावकारीत आदिवासींच्या जमिनी गेलेल्या. जमिनीचा धनी तिथंच सालदार म्हणून राबत होता. आणि धनदांडग्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली स्वतःची फौज उभी केली होती. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीत आदिवासींवर बंदुका चालल्या. साल लक्षात ठेवा. मार्चमध्ये झोपडी चिन्हाचा निकाल लागला होता. मे महिन्यात खऱ्या झोपडीतल्या माणसावर गोळी झाडली गेली. आणि समाजवादी नेते ऑगस्टमधल्या विलीनीकरणाच्या वाटाघाटीत होते!

मग लढलं कोण? अंबरसिंग सुरतवंती नावाचा भिल्ल तरुण लढला. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. मजुरी वाढवून घेतली, गेलेल्या जमिनी परत मागितल्या, बायांनी दारूचे गुत्ते फोडले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा आहे. तो कुणाच्या उदारपणातून आला नाही. असल्या लढ्यांनी सरकारच्या मानेवर बसून तो मिळवला.

आता आरसा आपल्याकडे. १९५७ च्या ऑक्टोबरात रिपब्लिकन पक्ष झाला. १९६४ ला दादासाहेबांच्या मागे भूमिहीनांनी तुरुंग भरले. तेव्हा आपला पक्ष जिवंत होता, कारण त्याच्या हातात जमिनीचा प्रश्न होता. १९६७ ला काँग्रेसशी युती झाली आणि मग गट, गटाचे गट. नेत्याला खुर्ची, कार्यकर्त्याला कार्ड. समाजवाद्यांना हसणाऱ्यांनी आधी स्वतःचे गट मोजावेत. रोग तोच आहे. रस्त्यावरचा प्रश्न सुटला की पक्ष नेत्याच्या पिशवीत मावतो, आणि पिशवी नेता जाईल तिकडे जाते.

शहरातल्या पोरांनो, नंदुरबार लांब आहे असं समजू नका. २०१४ ला तिथं भाजप आला, २०२४ ला काँग्रेस परत आली. पक्ष आले, पक्ष गेले. आधार कार्डाचा पहिला सोहळा २०१० साली तिथल्याच टेंभलीत झाला. आदिवासीला नंबर मिळाला. वनजमिनीचा पट्टा मागायला मात्र त्याला आजही मोर्चा काढावा लागतो. त्या मोर्चातला पाय आणि तुमच्या झोपडपट्टीवर बुलडोझर आला तेव्हा रोवलेला पाय एकाच जातकुळीचा आहे.

म्हणून मत फुकट द्यायचं नाही. दारात येईल त्याला तीन प्रश्न विचारा. जमिनीवर, मजुरीवर, घरावर गेल्या पाच वर्षांत कुठल्या लढ्यात होतास? युतीत तुझ्या जातीचं मत आमच्या माणसाला मिळेल याची हमी कोण देतो? आणि पक्ष बदललास तर आमचा प्रश्न कुणाच्या हातात ठेवून जाशील?

उत्तर नसेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि तोवर आपली संघटना बांधा, वस्तीवस्तीत, पाड्यापाड्यात. झोपडी चिन्हावर काढायला सोपी असते. तिच्यावर छप्पर आपल्यालाच घालावं लागणार आहे.

जय भीम!