खाच जुळली म्हणजे कार्ड चालले असे नव्हे



मुलगा किंवा मुलगी शिकायला शहरात असली, की एखादे दिवशी घरी निरोप येतो, "संगणकाला ग्राफिक्स कार्ड घ्यायचे आहे, पैसे पाठवा." पडद्यावरचे चित्र तयार करणारे हे कार्ड. नव्याची किंमत ऐकली की मन जुन्याकडे वळते. पण एका जातीच्या संगणकातले कार्ड दुसऱ्यात चालेलच असे नाही. पैसे मोजण्यापूर्वी हे समजून घ्या.

एक साधा पीसी, दुसरा ॲपल कंपनीचा मॅक. 2006 ते 2012 या काळात निघालेल्या मॅक प्रोची आणि पीसीची कार्डाची खाच एकच आहे, पीसीआय एक्सप्रेस. त्यामुळे कार्ड बसते. पण अवजार जोडले गेले म्हणून ट्रॅक्टरला पेलतेच असे थोडेच आहे?

अडचणी तीन. पहिली, संगणक सुरू होताना लागणाऱ्या सूचना कार्डावरच्या चिपमध्ये असतात. पीसीच्या जुन्या कार्डांत त्या बायोसच्या, तर या मॅकला हव्यात ईएफआयच्या. म्हणून पीसीचे कार्ड घातले की सुरुवातीला पडदा काळाच राहतो. पुढे चित्र उमटते. एरवी चालून जाईल, पण दुरुस्तीच्या वेळी अंधारात चाचपडावे लागते. तेव्हा मॅकचे मूळ कार्ड विकू नका, जपून ठेवा.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. 2018 च्या मोहावे प्रणालीत एएमडीचे रेडिऑन आरएक्स 580 चालते; एनव्हिडियाच्या मॅक्सवेल व पास्कल पिढीच्या कार्डांना मात्र ड्रायव्हर मिळालाच नाही.

तिसरी विजेची. खाचेतून 75 वॅट मिळतात. जास्त लागल्यास वेगळी तार जोडतात. 6 पिनांच्या तारेतून 75, 8 पिनांच्या तारेतून 150 वॅट. त्या मॅक प्रोत 6 पिनांच्या दोनच जागा आहेत.

2020 पासून ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले. त्यांत असले कार्ड चालत नाही. 2023 च्या मॅक प्रोला तर खाचा आहेत, तरीही नाही.

बाजारात दात पाहिल्याशिवाय आपण बैल घेत नाही. तसेच येथेही करा. मुलांना संगणकाचे मॉडेल, साल, प्रणाली आणि वीजपुरवठ्याचे वॅट कागदावर लिहून घ्यायला सांगा. कार्ड त्याच संगणकात चालवून पाहावे, मगच पैसे द्यावेत.